मोटारीच्या धूर-झडपेची घरगुती सफाई

साताऱ्याहून कऱ्हाडमार्गें सांगलीस निघालेली आमची डिझेल मोटार गेल्या पावसाळ्यांत चढावर धापा टाकूं लागली. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, ई. जी. आर. व्हॉल्व्हला पत्रा लावून तो बंदच करूं या!" हा उपाय हल्लीं पुष्कळ जण सुचवितात, म्हणून या झडपेचें कार्य प्रथम समजून घेतलें पाहिजे.

एंजिनाच्या धुराचा थोडा भाग ही झडप पुन्हा आंत सोडते. त्यामुळें ज्वलनाची उष्णता मर्यादेंत राहून नायट्रोजनचे विषारी वायु कमी उत्पन्न होतात. एप्रिल २०२० पासून नव्या डिझेल मोटारींसाठीं या वायूंची मर्यादा किलोमीटरमागें २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली आहे. परंतु बाजारापुरतीच मोटार हांकल्यास एंजिन पुरतें तापत नाहीं व झडपेवर काजळी सांचते.

सफाईपूर्वीं एंजिन थंड होऊं द्यावें व बॅटरीची ऋण तार सोडावी. झडप काढून मोकळ्या अंगणांत, हातमोजे घालून, कार्बोरेटर-क्लीनर व जुन्या टूथब्रशानें काजळी काढावी. जवळ विस्तव नसावा. विजेच्या भागास द्रव लागूं देऊं नये. झडप वाळल्यावर नवें गॅस्केट घालून बसवावी. तिला पाण्याच्या नळ्या जोडलेल्या असल्यास मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच जावें.

आम्हीं तसें केलें व मोटार पूर्ववत् झाली. झडप बंद करूनही ती चालली असती. परंतु तो वायु मागून सायकलीनें शाळेस जाणाऱ्या मुलांच्या छातींत गेला असता. आपली सोय दुसऱ्याच्या श्वासावर करूं नये, हें चिरंजीवांसही पटलें.