मुहम्मद अली शाळेत खरोखरच नापास झाला होता का?

दहावीचा निकाल लागला की वस्तीत एक गोष्ट हमखास ऐकू येते. मार्क कमी पडलेल्या मुलाला शेजारचे काका धीर देतात, "अरे, तो मुष्टियोद्धा मुहम्मद अली शाळेत नापास झाला होता. तरी जगज्जेता झालाच ना!" काकांचा हेतू चांगला असतो. पण पोरगा मनात म्हणतो, मग अभ्यास करायचाच कशाला? म्हणून ही गोष्ट मुलांना सांगण्यापूर्वी ती कितपत खरी आहे, हे आईवडिलांनी तपासून घ्यावे.

अलीचा जन्म १७ जानेवारी १९४२ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल शहरात झाला. त्याचे मूळ नाव कॅशियस क्ले. वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत, आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करी. तो काळ्या मुलांच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये शिकला. बाराव्या वर्षी सायकल चोरीला गेली, तेव्हापासून तो मुष्टियुद्ध शिकू लागला.

आता शाळेचा कागद काय सांगतो? १९६० साली वर्गात ३९१ मुले होती, त्यात क्लेचा क्रमांक ३७६ वा. म्हणजे तो फार मागे होता, पण त्याने शाळा पुरी केली. 'नापास होऊन शाळा सोडली' हे खोटे. तो मागे का राहिला, हे मात्र त्या आकड्यात लिहिलेले नाही. अलीला डिसलेक्सिया होता, म्हणजे अक्षरे वाचताना अडखळण्याचा त्रास होता, हे पुढे त्याच्या कुटुंबाने सांगितले. त्या काळी शाळेत हा त्रास ओळखणार कोण?

दुसरा कागद लष्कराचा. १९६४ मध्ये भरतीच्या बुद्धिचाचणीत क्ले दोनदा कमी पडला. शंभरच्या पट्टीवर ३० वी पायरी हवी होती, त्याची १६ वी आली. 'अलीला डोके नव्हते' असे म्हणणारे हाच आकडा दाखवतात. पण पुढे काय झाले ते पाहा. व्हिएतनामच्या युद्धाला माणसे हवी होती, म्हणून १९६६ मध्ये उत्तीर्ण होण्याची रेघ १५ वर आणली गेली आणि तोच अली एकदम लायक ठरला! माणूस तोच, मार्क तेच. फक्त रेघ खाली आली. अलीने १९६७ मध्ये त्या युद्धात जायला नकार दिला आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली.

मग अलीच्या स्वतःच्या पुस्तकावर भरवसा ठेवावा का? १९७५ साली त्याचे आत्मचरित्र निघाले. ते लिहून काढण्याचे काम रिचर्ड डरहॅम या लेखकाने केले. हॉटेलात काळा म्हणून जेवण नाकारले, तेव्हा अलीने ऑलिंपिकचे सुवर्णपदक नदीत फेकले, असे त्यात आहे. पुढच्या चरित्रकारांनी चौकशी केली, तेव्हा पदक नुसते हरवले होते असे दिसले. लुईव्हिलमधला भेदभाव मात्र शंभर टक्के खरा होता. तो सिद्ध करायला नदीतल्या पदकाची गरज नव्हती.

मुख्याध्यापक अ‍ॅटवुड विल्सन यांचीही आठवण सांगतात. काही शिक्षक क्लेला उत्तीर्ण करायला तयार नव्हते, तेव्हा ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. आठवण मोलाची आहे, पण ती आठवण म्हणूनच सांगावी. माणूस मोठा झाल्यावर त्याच्या बालपणाच्या आठवणींनाही पॉलिश चढते.

तेव्हा अशी कोणतीही गोष्ट कानावर आली की मुलांसमोर चार प्रश्न विचारा. हे कोणी लिहिले? घडले तेव्हा लिहिले, की तो प्रसिद्ध झाल्यावर? सांगणाऱ्याचा त्यात काही फायदा होता का? आणि या कागदात काय लिहिलेले नाही?

पुढच्या निकालाला काकांनी गोष्ट जरूर सांगावी, पण अशी सांगावी: "अली ३९१ मुलांत ३७६ वा आला. त्याला वाचायला त्रास होत होता. तरी त्याने शाळा पुरी केली आणि रोज पहाटे उठून मेहनतही केली." मग मुलाला जवळ बसवून विचारावे, "बाळा, तुला कुठे अडते?"