टेन्शन, टपरी आणि एक चिवट गैरसमज

"बिचाऱ्याला तेवढाच एक आधार आहे, तो तरी कशाला काढून घेता?" चिंताविकारावर किंवा नैराश्यावर उपचार घेणाऱ्या माणसाच्या सिगारेटचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी हे म्हणतंच. मित्र म्हणतात, "आधी डोकं ठिकाणावर येऊ दे, सिगारेटचं मग बघू." मायेपोटी दिलेला सल्ला खोडून काढणं जड जातं. पण हा सल्ला साफ चुकीचा आहे आणि तो ऐकून ऐकून माझा संयम आता सुटत चालला आहे.

सिगारेट ओढल्यावर बरं वाटतं, यात खोटं काही नाही. प्रश्न एवढाच, की त्याआधी जे वाईट वाटत होतं ते कशामुळे? झुरका घेतल्यावर निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. ते उतरू लागलं की अस्वस्थ वाटतं, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही, एका जागी बसवत नाही. आता चिंताविकाराची लक्षणं आठवून बघा. यादी जवळपास तीच निघेल. मग माणूस टपरी गाठतो, चार झुरक्यांत जिवाला थंडावा मिळतो आणि श्रेय सिगारेटला जातं. व्याज सावकारानेच लावायचं आणि ते फेडायला नवं कर्जही त्यानेच द्यायचं, असा हा व्यवहार. मुळातच चिंतेने ग्रासलेल्याला यातली आजाराची अस्वस्थता कुठली आणि निकोटीन उतरल्याची कुठली, हे ओळखता येणं कठीणच.

हा नुसता तर्क नाही. 2014 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जेमा टेलर आणि सहकाऱ्यांनी 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण हे तिन्ही, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले. मानसिक आजार असलेल्यांमध्येही तेच आढळलं. हा फरक नैराश्यावरच्या औषधांनी पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा होता. 2021 मध्ये कॉक्रेन संस्थेसाठी केलेल्या आढाव्यात अभ्यासांची संख्या 102 वर गेली, निष्कर्षाची दिशा मात्र बदलली नाही. आता कुणी म्हणेल, ज्यांचं मन आधीच सावरत होतं त्यांनाच सोडणं जमलं असेल. शंका रास्त आहे. असे अभ्यास ती पूर्णपणे दूर करू शकत नाहीत. पण 'सोडली तर आजार बळावेल' या भीतीला त्यांत आधार सापडत नाही, आणि आपला वाद त्या भीतीशीच आहे.

ही भीती पसरवण्यात कुणाचा फायदा होता, तेही पाहा. सिगारेट कंपन्यांच्या अंतर्गत कागदपत्रांवर आधारलेला एक शोधनिबंध 2008 मध्ये 'स्किझोफ्रेनिया बुलेटिन'मध्ये आला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना तंबाखू औषधासारखी लागते, या कल्पनेला बळ देणाऱ्या संशोधनाला कंपन्यांनी पैसा पुरवला होता आणि मनोरुग्णालयांतल्या धूम्रपानबंदीला विरोध करणाऱ्यांना साथ दिली होती. आपण मायेने बोलतो ते वाक्य त्यांना किती सोयीचं होतं! गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात आणि त्यात मोठा वाटा हृदयविकार, फुप्फुसांचे आजार अशा शारीरिक कारणांचा असतो. 'आधार' तो हाच.

सोडल्यावर पहिले काही दिवस वाईट जातात, हे मात्र लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या आठवड्यात त्रास सर्वाधिक असतो, पुढच्या तीन-चार आठवड्यांत ओसरतो. नेमक्या याच काळात लोक "बघा, मला सोसत नाही" असा निकाल देऊन मोकळे होतात.

यात चहा-कॉफीचाही हात असतो. धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त जोमाने काम करतं आणि कॅफिन लवकर निकाली निघतं. धूर थांबला की तोच कप जास्त वेळ अंगात राहतो. म्हणजे सिगारेट सोडली, कटिंग मात्र तेवढेच, तर हात थरथरतील आणि झोप उडेल. हेच एन्झाइम क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही औषधंही निकाली काढतं. त्यामुळे सिगारेट सोडताच त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, कधी धोकादायक पातळीपर्यंत. ही औषधं चालू असतील तर सोडण्याची तारीख मानसोपचारतज्ज्ञांना आधी सांगा. डोस बदलायचा का ते त्यांना ठरवू द्या. स्वतः गोळ्या कमी करू नका.

आणखी काही समज नेहमी कानावर येतात. "सोडायच्या गोळ्यांनी डोकं बिघडतं": व्हेरेनिक्लिन या गोळीवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये तसा ठळक इशारा छापायला लावला होता खरा. पुढे 8,000 हून अधिक लोकांवर चाचणी झाली, त्यांतले निम्मे मानसिक आजार असलेले होते. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. निकोटीन पॅच किंवा बिनऔषधी गोळीच्या तुलनेत धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही आणि त्याच वर्षी इशारा काढला गेला. गोळी अर्थात डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

"मानसिक रुग्णांना सोडायचीच नसते": कित्येकांना असते, त्यांना कुणी विचारत नाही.

"निकोटीनचं च्युइंगगम म्हणजे दुसरं व्यसनच": त्यात धूर नसतो, टार नसतं, आणि ते हळूहळू कमी करता येतं.

"मी ओढत नाही, नुसती मळतो": महाराष्ट्रात हेच जास्त ऐकू येतं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले जवळपास एक चतुर्थांश प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरणारे निघाले. एन्झाइमचा खेळ धुराचा आहे, म्हणून मशेरी किंवा तंबाखू सोडताना औषधाच्या डोसचा तो प्रश्न सहसा येत नाही. निकोटीन मात्र तेच, त्याची तलफही तीच आणि सोडल्यावर होणारी चिडचिडही. 1800-11-2356 ही सरकारची मोफत क्विटलाइन तंबाखू खाणाऱ्यांसाठीही आहे. मनाच्या त्रासाबद्दल बोलायचं असेल तर सरकारच्याच टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे.