खोतांची कादंबरी, कुळांची जाखडी

श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ १९८७ मध्ये दोन खंडांत आली आणि जगबुडीकाठच्या त्या घराण्याच्या चार पिढ्या मराठी वाचकाला नावानिशी पाठ झाल्या. त्यांची शेतं कसणारी कुळं कोण होती, असं विचारलं तर मात्र आपण अडखळतो. मार्क्सवादी समीक्षा इथूनच सुरू होते. गोष्ट कुणाच्या ओटीवर बसून सांगितली जाते?

रत्नागिरी जिल्ह्यात गावाचा सारा सरकारात भरायचा तो खोताने. कुळाकडून तो वसूल करायचा धान्यात. भाताचा साधारण अर्धा वाटा, ती अर्धेल. वरकस पिकाचा तिसरा, ती तिर्धेल. वर वेठ होतीच. खळ्यावरचं माप खोताचं, वही खोताची आणि ती वाचता येणाराही बहुधा तोच. अक्षरशत्रू कुळाला आपलं देणं कळायचं ते खोताच्या तोंडून. शब्द हेही वर्गसंघर्षाचं मैदान असतं, असं रशियन भाषाचिंतक वोलोशिनोव्हने १९२९ मध्ये लिहिलं. खोताच्या वहीत ते उघड दिसतं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोतीविरोधी विधेयक मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला, तरी कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

मग पेंडशांना मोडीत काढायचं? मुळीच नाही. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकचा जीव सरदारवर्गावर, तरी त्या वर्गाचा ऱ्हास त्याने लपवला नाही, याचं कौतुक एंगेल्सने १८८८ च्या एका पत्रात केलं आहे. पेंडशांचंही तसंच. खोतांवर माया आहे, पण घराणं आतून कसं पोखरलं ते झाकलेलं नाही.

कुळांचा आवाज ऐकायचा तर जाखडीकडे, कोकणातल्या त्या नाचगाण्याकडे, जावं लागतं. गिरण्यांनी कुणबी तरुण मुंबईला ओढला. तो गावी मनीऑर्डर धाडू लागला, गणपतीला घरी येऊ लागला. त्याच्याबरोबर जाखडीतले शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाबही मुंबईला पोचले आणि पुढे नाट्यगृहांत तिकीट लावून सामने रंगू लागले. बाजाराने लोककला विकायला काढली, ही तक्रार खरी आहे, पण अर्धीच. कुळाच्या बोलीला मंच आणि बिदागी मिळाली ती याच बाजारात. खोतीत तिच्या वाट्याला वेठ होती.

‘तुंबाडचे खोत’ शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी सोबत आंबेडकरांचं खोती विधेयक वाचायला द्यावं आणि जाखडीच्या एखाद्या शाहिराला वर्गात बोलवावं. मानधन मात्र ठरवून द्यावं.