डाउनची बॅग पाण्याने नाही, ओल राहिल्याने खराब होते

मे महिना लागला की पुण्यातून हिमालयात जाणाऱ्यांची रीघ लागते. सर पास, हमता पास, रूपिन पास. हडपसरही त्याला अपवाद नाही. मगरपट्टा-अमनोराच्या टॉवरमधून जशा सॅक बाहेर पडतात, तशाच गाडीतळ आणि ससाणेनगरच्या गल्ल्यांमधूनही. भाड्याच्या बॅगांचे वास सहन करून कंटाळलेली मंडळी कधीतरी हिय्या करून स्वतःची डाउनची स्लीपिंग बॅग घेतात. आठ-दहा हजारांपासून पुढे कितीही. आणि मग या महागड्या वस्तूचं ट्रेकवरून आल्यावर काय होतं? आली तशी, दाबून बसवलेल्या पिशवीतच, ती माळ्यावर जाते. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "डाउन धुवायचं नसतं. पाणी लागलं की बॅग गेली."

या एका समजुतीमुळे जितक्या बॅगा वाया जातात, तितक्या प्रत्यक्ष वापराने जात नसतील.

डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या बाहेरच्या पिसांखाली असतो तो मऊ थर. त्याला पिसासारखा कडक दांडा नसतो. एका बिंदूतून चहूकडे बारीक तंतू फुटलेले असतात आणि त्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. ऊब देते ती ही अडकलेली हवा. बॅग स्वतः उष्णता तयार करत नाही, तुमच्या अंगाची धरून ठेवते, एवढंच. हे डाउन बॅगेत भरण्याआधी कारखान्यात धुऊनच घेतलेलं असतं. पाण्याने ते मरत असतं तर बॅग शिवायच्या आधीच मेलं असतं.

डाउनचा खरा शत्रू आहे आपला घाम, अंगाचं तेल, सनस्क्रीन आणि (हे खास आपलं) डोक्याचं खोबरेल. बॅगेचा हुड आणि गळ्याजवळचा भाग एकदा उजेडात नीट पाहा. कापड तिथे काळपट, किंचित चिकट झालेलं असतं. चिमटीत धरलं तर आतलं डाउन इतर ठिकाणांपेक्षा चपटं लागतं. तेलाने तंतू एकमेकांना चिकटतात, हवेला जागा उरत नाही, आणि उणे पाचसाठी घेतलेली बॅग शून्यालाच कुडकुडायला लावते. लोक म्हणतात, बॅग जुनी झाली. बऱ्याचदा ती नुसती मळलेली असते. नीट धुऊन, नीट वाळवली की ती पुन्हा फुगते.

म्हणून दर ट्रेकनंतर धुवायची, असंही नाही. वर्षातून एखादाच हिमालयीन ट्रेक करणाऱ्याने दोन-तीन वर्षांतून एकदा धुतली तरी पुरे. मधल्या काळात हुड आणि गळ्याचा भाग तेवढा ओल्या स्पंजने आणि जरा साबणाने पुसून घ्यावा. आत सुती किंवा रेशमी लायनर वापरलं तर बॅगेऐवजी तेच मळतं, आणि ते बादलीत धुता येतं.

"बदक कुठे भिजतं? मग डाउनही भिजणार नाही"

बदक कोरडं राहतं ते बाहेरच्या पिसांमुळे. ती पिसं एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात आणि बदक त्यांना चोचीने सतत तेल लावत असतं. डाउन त्या आडोशाखाली असतं. उघडं डाउन भिजलं की तंतूंचा लगदा होतो आणि ऊब जवळजवळ संपते. पावसाळ्यातल्या राजमाचीला डाउनची बॅग नेणाऱ्याला ही गोष्ट पहिल्याच रात्री कळते. खरं तर हिवाळ्यातही सह्याद्रीत डाउनची गरज क्वचितच पडते. हरिश्चंद्रगडावर पहाटेचं दव बॅगेवर पाझरायला लागलं की सिंथेटिक बॅग बरी, असंच वाटतं. ती भिजली तरी थोडीफार ऊब देते, लवकर वाळते आणि निम्म्या किमतीत मिळते.

"गोधडी धुतो तशीच धुवायची"

गोधडी आपण भिजवतो, तुडवतो, दगडावर आपटतो आणि दोघं दोन टोकांना धरून पिळतो. सुती कापडाचे थर आणि घट्ट धावदोरा हे सगळं सोसतात. डाउन बॅगेच्या आत मात्र कप्पे असतात आणि चांगल्या बॅगांमध्ये त्यांच्या भिंती पातळ जाळीच्या असतात. डाउन पाणी पितं आणि सव्वा किलोची बॅग कित्येक पट जड होते. अशी ओली बॅग एका टोकाला धरून उचलली, तर आतल्या भिंती तिच्या वजनानेच फाटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. पुढच्या ट्रेकला कळतं की सगळं डाउन पायाशी गोळा झालंय आणि छातीवर नुसतं कापड आहे.

मग धुवायची कशी? मोठा टब असेल तर उत्तम. लहान मुलांचा हवा भरायचा पोहण्याचा टब हडपसरमधल्या फ्लॅटमध्ये सहज सापडतो, तोही चालतो. पाणी कोमट. चेन आणि वेल्क्रो लावून घ्या. बॅग तिच्या पिशवीत कोंबलेलीच पाण्यात बुडवा आणि पाण्याखालीच हळूहळू बाहेर काढा, नाहीतर आतल्या हवेमुळे ती तरंगतच राहते. मग तळव्याने दाबायचं, सोडायचं. घासायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. पाणी सोडून दिल्यावर बॅग गुंडाळत गुंडाळत दाबून उरलेलं पाणी काढा आणि दोन्ही हात खालून घालून आडवीच उचला.

मशिनमध्ये? पुढून दार असलेल्या मोठ्या मशिनमध्ये, सौम्य सेटिंगवर, चालतं. वरून झाकण असलेल्या आणि मध्ये दांडा फिरणाऱ्या मशिनमध्ये नको. त्या दांड्याभोवती बॅग गुंडाळली जाते आणि शिवण उसवते.

"कपड्यांची पावडर चालते की"

नाही चालत. डाउन म्हणजे केराटिन, आपल्या केसांसारखं आणि नखांसारखं प्रथिन. आजच्या बहुतेक डिटर्जंटमध्ये डाग काढणारी एन्झाइम असतात आणि त्यांतली काही नेमकी प्रथिनंच तोडतात. शिवाय कडक साबण डाउनवरचं नैसर्गिक तेल धुऊन काढतो आणि ते ठिसूळ होतं. कंडिशनर तर विसराच. तो तंतूंवर थर चढवून त्यांचा फुगाराच मोडतो. डाउनसाठी वेगळं द्रावण मिळतं. निकवॅक्स, ग्रेंजर्स ही त्यातली माहितीची नावं. ते नसेलच तर लोकरीसाठीचं, एन्झाइम नसलेलं सौम्य लिक्विड थोडंसं वापरावं, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून. काही जण रिठा सुचवतात. त्याचा रंग आणि गाळ बॅगेतून निघता निघत नाही, म्हणून मी सुचवणार नाही.

इथे पाण्याचा प्रश्न येतो आणि हडपसरकरांना तो वेगळा समजावून सांगायची गरज नाही. मांजरी, फुरसुंगी, उंड्रीकडच्या कितीतरी सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर चालतात. नळाच्या तोटीवर, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो या कठीण पाण्यातल्या क्षारांचा. अशा पाण्यात साबण नीट फेसाळत नाही, म्हणून माणूस आणखी साबण टाकतो आणि मग तो निघत नाही. उरलेला साबण डाउनला तेलाइतकाच चिकट करतो. खडकवासल्याहून येणारं महापालिकेचं पाणी त्या मानाने मऊ. तुमच्याकडे दोन्ही येत असतील तर निदान शेवटच्या खंगाळण्यांना महापालिकेचं वापरा. द्रावण कमी घ्या. दाबल्यावर फेस निघणं पूर्ण थांबेपर्यंत खंगाळा, चार वेळा लागो की सहा वेळा.

"ड्रायरमध्ये फिरवली की झालं"

आपल्या घरातल्या सेमी-ऑटोमॅटिक मशिनचा 'ड्रायर' काही वाळवत नाही. तो नुसता गरगर फिरवून पाणी काढतो. त्या अरुंद भांड्यात ओली बॅग कोंबायची म्हणजे भिंती फाडायला निमंत्रण. डाउन वाळतं ते गरम हवेच्या, मोठ्या ड्रमच्या ड्रायरमध्ये. तो घरी क्वचितच असतो, पण किलोवर कपडे घेणाऱ्या लाँड्रोमॅटमध्ये असतो. तिथे मोठा ड्रम आणि सगळ्यात कमी तापमान मागून घ्या. नायलॉनचं पातळ कापड जास्त उष्णतेने वितळतं. सोबत दोन-तीन नवे, स्वच्छ टेनिस बॉल टाका. ते आपटून डाउनच्या गाठी फोडतात. गल्ली क्रिकेटमधला जुना चेंडू नको, त्याची धूळ बॅगेला लागते. तीन-चार तास सहज जातात, कधी जास्तही. दुकानदार तासाभरात "वाळली" म्हणेल. बाहेरचं कापड खरोखर वाळलेलं असतं, म्हणून त्याची चूक नाही.

आत वाळलंय की नाही, ते असं बघा: कप्पा दिव्यासमोर धरा. गडद ठिपके दिसले तर त्या ओल्या गाठी. चिमटीत घेतल्या तर हरभऱ्याएवढ्या लागतात. त्या बोटांनी अलगद सोडवायच्या आणि पुन्हा वाळवायचं. एकही गाठ शिल्लक ठेवली तर तिथे बुरशी धरते, आणि तो कुबट वास पुढे कशानेही जात नाही.

ड्रायर नसेल तर खाटेवर किंवा कपडे वाळवायच्या स्टँडवर आडवी पसरा, पंखा लावा आणि दर दोन-तीन तासांनी उलटून गाठी फोडत राहा. कोरड्या हवेतही दोन-तीन दिवस लागतात. दोरीवर उभी टांगू नका. सगळं ओलं डाउन तळाला उतरतं.

"कडक ऊन दाखवलं की सगळं ठीक"

पापडाला, गाद्यांना आपण ऊन दाखवतो, तेव्हा ही सवय स्वाभाविकच. पण उन्हातले अतिनील किरण नायलॉनला हळूहळू कमकुवत करतात आणि मे महिन्यात गच्चीची फरशी हात टेकवत नाही इतकी तापते. अर्धा-पाऊण तास सकाळचं ऊन ठीक. बाकी सगळं सावलीत, वारं खेळतं तिथे. गच्चीवर पसरली तर वर जुनी चादर टाका. बांधकामाची धूळ आणि कबुतरं, दोन्हींचा हडपसरमध्ये तुटवडा नाही.

ड्राय क्लीनिंगबद्दल एकच सांगतो: त्यातली रसायनं डाउनचं तेल काढून टाकतात आणि त्यांचा वास आत राहतो. बहुतेक उत्पादक ते नको म्हणतात. शिवणीतून एखादं पीस डोकावत असेल तर ते उपटू नका. त्याच्या मागे आणखी चार येतील. मागच्या बाजूने पकडून आत ओढून घ्या. डाउन असं बाहेर येऊ नये म्हणूनच बॅगेच्या कापडाची वीण मुद्दाम घट्ट असते. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच याने डाउनचा कोट शिवून घेतला, तेव्हा बाहेरून बलूनचं कापड वापरलं होतं ते उगाच नाही.

आता ठेवण्याबद्दल. पिशवी छोटी तितकी जागा कमी, म्हणून बॅग वर्षभर दाबून ठेवली जाते. महिनोन्‌महिने दाबलेले तंतू मग पूर्वीसारखे उघडत नाहीत. ट्रेकला जाताना कोंबा, बिनधास्त कोंबा. घडी घालण्यापेक्षा कोंबणंच बरं, कारण घड्या रोज त्याच रेषेत पडतात आणि कापड तिथे झिजतं. घरी मात्र जुन्या सुती चादरीची मोठी, सैल पिशवी शिवा आणि बॅग कपाटात टांगा. प्लास्टिक नको. डांबराच्या गोळ्याही नकोत, कारण कसर लागते ती मळलेल्या बॅगेला, आणि स्वच्छ बॅगेत गोळ्यांचा वास मात्र कायमचा मुरतो.

पुण्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. मेअखेरीस परतलात तर हातात थोडे दिवस असतात, तेव्हाच धुऊन घ्या. पाऊस सुरू झाल्यावर परतलात आणि ड्रायरची सोय नसेल, तर धुण्याच्या भानगडीत पडू नका. पंख्याखाली दोन दिवस पसरा, सैल पिशवीत टांगा आणि पावसाळाभर अधूनमधून बाहेर काढून झटका. धुणं ऑक्टोबरात, हवा कोरडी झाली की. आणि आत्ता तुमची बॅग माळ्यावर दाबलेल्या पिशवीत असेल, तर आजच खाली उतरवून मोकळी करा.