तुटलेला पार्ट बनवण्याआधी: तो का तुटला?

पीएचडीला आलात की ही वेळ कधी ना कधी येतेच. सेटअपचा एक भाग लेथवर करायचा असतो, गाईडना शुक्रवारी रीडिंग्ज हवी असतात आणि नेमकं लेथ बंद पडतं. मशीन जुनं, स्पेअर पार्ट बाजारात मिळत नाही. मग तो आपल्याच वर्कशॉपमध्ये बनवावा लागतो. तो कसा बनवायचा ते बघू, पण आधी माझी चूक सांगतो.

थ्रेड कापताना सॅडल चकला धडकली आणि लीड स्क्रूची 5 मिमी व्यासाची पितळी पिन तुटली. पितळ मऊ, म्हणून तुटली असेल, असं समजून मी 8.8 ग्रेडच्या बोल्टच्या दांडीतून नवी पिन वळवली. छान बसली. तीन आठवड्यांनी पुन्हा तसाच धक्का बसला. या वेळी पिन शाबूत राहिली आणि चेंज गिअरचे तीन दाते गेले. वर्कशॉपमधले काका म्हणाले, "अरे, ती पिन तुटण्यासाठीच होती. तू फ्यूजच्या जागी जाड तार घातलीस!"

आकडे बघा. 5 मिमी पिनचा काटछेद साधारण 19.6 चौरस मिमी. पितळ कातरायला दर चौरस मिमीला सुमारे 200 ते 250 न्यूटन लागतात, त्या बोल्टच्या स्टीलला साधारण 480. म्हणजे पितळी पिन साधारण 4 ते 5 किलोन्यूटनला सुटते, माझी पिन 9 च्या वर टिकली. मधला सगळा भार गिअरने सोसला. हे गणित दोन मिनिटांचं होतं. मी केलंच नव्हतं.

मग गिअर बनवायचा होता. तुम्हालाही लागेल, म्हणून क्रमाने सांगतो.

1. दाते मोजा. तुटलेल्यांची जागाही धरा. आमचे 40 होते.

2. व्हर्निअरने बाहेरचा व्यास घ्या आणि त्याला (दाते + 2) ने भागा. आमचा व्यास 62.9 मिमी, 62.9 ÷ 42 = 1.498. म्हणजे मोड्यूल 1.5. उत्तर 1.59 च्या आसपास आलं, तर मशीन इंची मापाचं असण्याची शक्यता आहे (16 डीपी म्हणजे मोड्यूल 1.5875). तिथे जबरदस्तीने 1.5 धरू नका.

3. प्रेशर अँगल 20 अंश की 14.5, हे ठरवायला कटर जोडीच्या गिअरच्या दोन दातांमध्ये धरून बघा. उजेड दिसला तर तो कटर चुकीचा.

4. कटरचा नंबर नीट वाचा. 35 ते 54 दात्यांसाठी मोड्यूल सेटमध्ये 6 नंबर लागतो, डीपी सेटमध्ये 3. दोन्ही सेटचे नंबर उलट क्रमाने जातात. इथे भले भले फसतात.

5. डिव्हायडिंग हेड 40:1 असेल, तर 40 दात्यांसाठी दर दात्याला हँडलचा एक पूर्ण फेरा. दात्याची खोली 2.25 × मोड्यूल, म्हणजे 3.375 मिमी.

मूळ गिअर बिडाचा होता, आम्हीही बिडाचाच केला. आणि पिन? पुन्हा पितळेची.

एक मर्यादा मात्र पाळा. जो भाग तुटला तर माणसाला लागेल, उदाहरणार्थ ग्राइंडिंग व्हीलचा फ्लँज किंवा वजन उचलायचा हुक, तो असा बनवायच्या भानगडीत पडू नका.

आता प्रत्येक पार्टआधी मी वहीत तीन ओळी लिहितो: हा भाग काय काम करतो? तो का तुटला? मी बदललं तर भार कुठे जाईल? उद्या एखाद्या पेपरमधली पद्धत उचलून त्यात "छोटीशी सुधारणा" करायला निघाल, तेव्हाही याच तीन ओळी लिहा. ती पायरी मूळ लेखकाने मुद्दाम ठेवलेली असू शकते.