पांढऱ्या कडेचा टायर

कामोठ्यासारख्या सिडकोच्या वसाहतीत जुनी मोटरसायकल सांभाळणं हे प्रेमाशिवाय होत नाही. पार्किंगची चणचण, खाडीकडून येणारी दमट हवा आणि पावसाळ्याचे चार महिने सायन-पनवेल महामार्गावरचा चिखल. तरी बुलेट किंवा जावा एकदा नीट उभी राहिली, टाकी उजळली, की पुढचा हट्ट ठरलेला: पांढऱ्या कडेचे टायर. हा हट्ट मला रास्त वाटतो. मडगार्डखाली फिरणारी ती पांढरी कडा गाडीचं रूपच पालटते. फक्त ती निवडताना डोळ्यांच्या आधी मोजपट्टी हातात घ्यावी.

पांढुरका हा टायरचा जुना रंग. रबर मुळात फिकट, त्यात झिंक ऑक्साइड घातलं की आणखी पांढरं. १८९८ साली जन्मलेला मिशलिनचा टायरांचा बाहुला पांढरा आहे, तो त्यामुळेच. पुढे कार्बन ब्लॅक घातलेलं रबर कमी झिजतं हे कळलं. ते आधी फक्त जमिनीला घासणाऱ्या भागात आलं, कडा पांढऱ्याच राहिल्या. म्हणजे आज ज्याला आपण थाट म्हणतो, ती अर्ध्यावर थांबलेल्या बदलाची खूण आहे. कार्बन ब्लॅक रबराला उन्हापासूनही वाचवतं. पांढऱ्या भागाला ते कवच नाही. शिवाय काळ्या रबरात मिसळलेली संरक्षक रसायनं हळूहळू पांढऱ्यात उतरतात आणि कडा पिवळट पडते. चांगला टायर बनवणारे म्हणूनच या दोन रबरांच्या मध्ये वेगळा थर देतात.

आता माप. जुन्या बुलेटला दोन्हीकडे ३.२५-१९ चा टायर, जुन्या जावाला ३.२५-१६. पहिला आकडा रुंदीचा, इंचांत, म्हणजे सुमारे ८३ मिलिमीटर, दुसरा रिमचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉयल एनफिल्डने गोव्यातल्या मोटोव्हर्स मेळ्यात गोअन क्लासिक ३५० आणली, ती कारखान्यातूनच पांढऱ्या कडेचे टायर घालून. तिच्या मागच्या टायरचं माप १३०/९०-१६. रिम १६ इंची आहे म्हणून तो जावाला बसेल, असं समजून पैसे घालवू नका. १३० मिलिमीटरचा टायर ८३ च्या जागेत चेनला आणि मडगार्डला घासणारच.

माप जुळलं की टायरच्या कडेवर बोट फिरवून शिक्के वाचा. चार आकडी शिक्का तारखेचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या गाडीत हा शिक्का नक्षीपेक्षा महत्त्वाचा, कारण तिचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण ती रॅली, प्रदर्शन अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. उरलेला काळ टायर एकाच जागी वजन सोसत उभा. पांढऱ्या भागावर नख दाबून पाहा. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर दुकानदाराने कितीही स्वस्त दिला तरी नको. आयएसआय खूणही बघाच, भारतात विकायच्या टायरला ती सक्तीची आहे. नव्या टायरांची आयात जून २०२० पासून परवान्यावर आल्याने बाहेरचा पांढऱ्या कडेचा टायर मिळणं अवघड झालंय, आणि टंचाईत जुना साठा ‘नवा’ म्हणून गळ्यात मारला जातो.

टंचाईवर उपाय म्हणून दोन युक्त्या चालतात. एक, टायर आणि रिमच्या मध्ये अडकवायचं पांढरं रबरी कडं. चाक फिरताना टायरची कड सतत दबते-फुगते, कडं सुटं हलतं, मधे वाळू शिरते आणि तीच टायरला कानशीसारखी घासत राहते. दुसरी, ऑइलपेंट. पहिल्याच मोठ्या फेरीत त्याला तडे जातात आणि रंगातलं थिनर रबराला खातं.

खरा पांढऱ्या कडेचा टायर मिळाला, तर साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश एवढंच वापरा; पेट्रोल, रॉकेल अजिबात नको. पावसाळ्यात चिखल वाळायच्या आत धुवा आणि गाडी मधल्या स्टँडवर, सावलीत लावा. आणि जोडीतला एकच टायर मापाचा मिळाला, दुसरा जुना किंवा चिकटवलेला, तर दोन्ही काळे घाला. त्या गाडीवर तुम्ही बसणार आहात, मागे घरचं माणूसही असेल.