औषध तेच, मग गाठ दाद का देत नाही?

‘पहिल्या दोन-तीन सायकलनंतर गाठ लहान झाली होती. मग तेच औषध आता लागू का पडत नाही?’ फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न डॉक्टरांना नेहमी विचारतात. आमचे पथ्यपाण्यात काही चुकले का, ही शंकाही त्यामागे असते. उत्तराचा एक धागा पेशीतल्या चिमुकल्या रेणूंपर्यंत जातो.

जनुकातली सूचना संदेशवाहक आरएनए उतरवून घेतो आणि त्याबरहुकूम प्रथिन तयार होते. मायक्रोआरएनए हा जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. संदेशवाहकाला चिकटून निरोप वाटेतच अडवतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत तो शोधला. त्याबद्दल त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता सिसप्लाटिन हे नेहमीचे औषध घ्या. त्यातले प्लॅटिनम डीएनएला चिकटते. झालेली मोडतोड दुरुस्त झाली नाही, तर पेशी स्वतःच मरण पत्करते. मात्र पेशीत ‘जगत राहा’ असा संदेशही फिरत असतो. पीटीईएन नावाचे प्रथिन त्याला लगाम घालते. मायक्रोआरएनए-२१ वाढला, की पीटीईएनचा निरोप अडतो, लगाम सुटतो आणि औषध पोहोचूनही पेशी तग धरते.

१९७२ साली एका रुग्णाच्या फुफ्फुसातील गाठीपासून ए-५४९ या पेशी वाढवण्यात आल्या. त्या आजही प्रयोगशाळांत वापरतात. त्यांच्यात मायक्रोआरएनए-२१ वाढवला, तर सिसप्लाटिनचा परिणाम घटतो. तो रोखला, की पुन्हा वाढतो.

मग हा रेणू रोखणारे इंजेक्शन का देत नाहीत? कारण एकच मायक्रोआरएनए अनेक निरोपांत हात घालतो. मायक्रोआरएनए-३४ च्या धर्तीवर बनवलेल्या औषधाची रुग्णांवरील चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली. रोगप्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर त्रास झाले होते. शिवाय औषध बाहेर फेकणारे पंप, डीएनएची जलद दुरुस्ती अशा पळवाटाही पेशीकडे असतात.

तेव्हा औषध लागू पडेनासे झाले, तर रुग्णाला किंवा घरच्यांना दोष देऊ नये. बदल गाठीच्या पेशींत झालेला असतो. ‘आता दुसरा कोणता उपचार करता येईल?’ हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे.